तोंड उघड, हर्षला

दर नऊ तारखेला मी तिला यावलला न्यायचे,
रिक्षात मधल्या सीटवर बसवून.
खड्डा आला की एक हात पोटावर,
दुसऱ्या हाताने पदर तोंडाशी.
मला वाटायचं, मळमळ.

वजन लिहिलं. बीपी लिहिलं. रक्त नऊ पॉइंट चार.
लोहाच्या गोळ्या मोजून दिल्या,
रिकामी पाकिटं मोजून परत घेतली.
धनुर्वाताची इंजेक्शनं, सोनोग्राफीची तारीख,
पासबुक, आधारची झेरॉक्स.
माझ्या वहीत सगळ्याला रकाना आहे.
हिरडीला नाही.

तिने सांगितलं होतं एकदा, मला नव्हे, सासूला:
भाकर चावली की तुकड्याला रक्त लागते.
कलाबाईंनी चुलीपुढून न उठता निकाल दिला,
"एका लेकरामागं एक दात जातेच, बाई.
माह्ये चार गेले, चार पोरं झाले.
मिसरी लाव."
आणि डबी सरकवली पुढे,
तव्यावर जाळलेल्या तंबाखूची काळी पूड.
बधिर झालं की बरं झालं
असंच धरून चालतो आम्ही बायका.
मी पाहिली होती ती डबी.
मीही लावायचे, आशाचं काम लागेपर्यंत.

हर्षला भाकर कुस्करून पाण्यात भिजवू लागली.
मग नुसतं पाणी.

पारा सत्तेचाळीसवर होता त्या रात्री,
केळीची पानं कडेने करपलेली,
आणि आठव्या महिन्यातच पाणी गेलं.
एकशे आठ आली तेव्हा कलाबाई पुटपुटत होत्या,
सातव्याचं जगते, आठव्याचं नाही जगत.

एक किलो सहाशे चाळीस.
जळगावला, काचेच्या पेटीत, नळ्यांच्या आड
मुठीएवढं डोकं.
हिरामण काचेला कपाळ लावून उभा.
त्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग,
कितीही धुतले तरी न जाणारे.
म्हणाला, "ताई, आम्ही घड कच्चाच उतरवतो.
दिल्लीपर्यंत वाटेत पिकते तो."
थोड्या वेळाने,
"हा पिकीन का?"

मी काही बोलले नाही.

चौथ्या दिवशी तडवी डॉक्टरीणबाईंनी
हर्षलाला खुर्चीत बसवलं, दिवा खाली ओढला.
तोंड उघड, म्हणाल्या.
तिने आधी माझ्याकडे पाहिलं.
मग उघडलं.

नऊ महिने जिच्याबरोबर येत-जात होते
तिचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.
हिरड्या दातांवर चढलेल्या, जांभळ्या,
सळई टेकायचा अवकाश, रक्त.
नऊ नाही. आठही पुरे नाहीत. मोजणंसुद्धा चुकतं माझं.

बाई म्हणाल्या,
"यानेच झालं असं मी लिहून देणार नाही.
रक्त कमी होतं, ऊन होतं, उभ्याचं काम होतं.
पण हिरडीची सूज हिरडीत राहत नाही,
दाताशी पिकलेलं रक्तात उतरतं,
आणि रक्ताची एक वाट वारेकडेही जाते.
पाचव्या महिन्यात आणली असती
तर साफ करून दिलं असतं, पोटुशीला चालतं.
मूल आत टिकलं असतं का, ठाऊक नाही.
ही भाकर तरी खाऊ शकली असती."

सव्विसाव्या दिवशी दोन किलोला वीस ग्रॅम कमी.
हर्षलाच्या छातीशी बांधलेला तो
जांभई देतो,
गुलाबी, कोऱ्या हिरड्या,
अजून कशाचाच डाग नसलेल्या.
कलाबाई बघतात आणि डबी कनवटीला खोचतात.
फेकत नाहीत. खोचतात.

वहीच्या कडेला मी पट्टीने रेघ मारली आहे.
वरून विचारलं, हा रकाना कुणी सांगितला?
म्हटलं, चुकून पडली रेघ.

काल शिरसाडला नवी सून, तिसरा महिना,
खाली मान, पदर ओठांवर.
मी म्हटलं, तोंड उघड.
ती दचकली, सासूकडे बघत म्हणाली,
"मी तं काहीच बोलली नाही."